वेंटींची शार्डने : एका मळ्यातली काडी आणि कॅलिफोर्नियाभरच्या बागा

ईस्टबेकर :

बे एरियातली मराठी मंडळी लिव्हरमोरला जातात ती बहुतेक शिवा-विष्णू मंदिरात. दर्शन झालं, प्रसाद घेतला, की गाडी परत ५८० हायवेला. मंदिरापासून दहा-पंधरा मिनिटांवर टेस्ला रोड आहे. त्या रस्त्यावर १८८३ पासून एकाच घराण्याकडे असलेली वाईनरी आहे, वेंटी. तिच्या शार्डने या पांढऱ्या द्राक्षाबद्दल आणि त्याच्या वाईनबद्दल सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं. वाईन चांगली आहेच, पण तिची वेल जास्त महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठीच हा धागा.

आधी थोडा इतिहास. कार्ल हाइनरिख वेंटी जर्मनीतून आला, कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात चार्ल्स क्रुग या वाईनवाल्याच्या हाताखाली काम शिकला आणि लिव्हरमोरला पन्नासेक एकर घेऊन त्याने स्वतःचा मळा सुरू केला. पुढे अर्नेस्ट आणि हर्मन हे त्याचे दोन मुलगे धंद्यात आले. अर्नेस्टकडे मळा, हर्मनकडे वाईन, अशी वाटणी होती.

शार्डने आणली ती अर्नेस्टने. १९१२ मध्ये वडिलांच्या मागे लागून त्याने फ्रान्समधल्या माँपेलिएच्या रोपवाटिकेतून काड्या, म्हणजे लागणीसाठी कापलेल्या फांद्या, मागवल्या. शेजारच्या प्लेझंटन गावात गिअर नावाच्या मळेवाल्याकडे शार्डने होती, तिच्याही काड्या आणून लावल्या. त्यानंतरचं काम चिकाटीचं होतं. बागेत फिरायचं, कुठली वेल जोमदार आहे, कुठलीचं फळ चवीला उजवं आहे ते हेरायचं, खूण करून ठेवायची आणि पुढच्या लागणीला तिच्याच काड्या घ्यायच्या. हे एका हंगामात होत नाही. द्राक्षबागेच्या कामात दहा वर्षं म्हणजे काहीच नाहीत.

मग १९२० ला अमेरिकेत दारूबंदी आली आणि १९३३ पर्यंत राहिली. या काळात किती तरी जणांनी उंची वाईनच्या वेली उपटल्या आणि जाड सालीची, रेल्वेच्या डब्यातून शिकागो-न्यूयॉर्कपर्यंत टिकतील अशी द्राक्षं लावली, कारण घरगुती वाईन करणाऱ्यांना तीच पाठवता येत होती. शार्डने पातळ सालीची, मालाला कमी. ती ठेवणं हिशेबात बसत नव्हतं. वेंटींना चर्चच्या विधीसाठी लागणाऱ्या वाईनचा आधार होता, त्यावर त्यांनी तग धरला आणि शार्डनेची बाग राखली. बंदी उठली तेव्हा चांगली, निवडलेली शार्डने कॅलिफोर्नियात फार थोड्या ठिकाणी उरली होती. त्यात ही एक.

१९३६ ची वाईन त्यांनी द्राक्षाच्या जातीच्या नावाने बाटलीत भरली. अमेरिकेत शार्डने हे नाव लेबलवर येण्याची ती पहिली वेळ मानतात. त्या काळात तिथल्या बहुतेक पांढऱ्या वाईन 'शाब्ली', 'सोटर्न' अशा उसन्या फ्रेंच नावांनी विकल्या जात, आत द्राक्ष कुठलंही असो. आपल्या मळ्यात काय पिकलंय ते सरळ लिहायचं, याला त्या वेळी हिंमत लागत होती.

आता मुख्य मुद्दा. या घराण्याने काड्या कुलपात ठेवल्या नाहीत. मागायला आलेल्याला दिल्या. शेजारीण विरजण मागायला येते आणि हळूहळू अख्ख्या आळीचं दही एकाच भांड्यातलं होतं, तसं झालं. १९४० च्या दशकात नापाच्या डोंगरावर स्टोनी हिल वाईनरीच्या मॅक्रे दांपत्याने इथून काड्या नेल्या. शेजारच्या सोनोमातल्या हँझेल वाईनरीच्या जुन्या शार्डने वेलींचं मूळही इथलंच. लुई मार्टिनी या वाईनवाल्याने कार्नेरोस भागात लावल्या. त्या मार्टिनीच्या बागेतून डेव्हिसच्या विद्यापीठातले प्राध्यापक हॅरोल्ड ओल्मो यांनी वेली निवडल्या, आणि साठच्या दशकात त्यातून निघालेले ४ आणि ५ क्रमांकाचे क्लोन (एकेका निवडक वेलीच्या काड्यांपासून वाढवलेल्या वेली) राज्यभर पसरले. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात शार्डने जेमतेम काहीशे एकर होती. आज ती ऐंशी हजार एकरांहून जास्त आहे, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक वेलींचं मूळ वेंटींच्या मळ्यात सापडतं असं धरतात.

म्हणजे तुम्ही वेंटीची बाटली कधी उघडली नसेल, पण कॅलिफोर्नियाची शार्डने प्यायला असाल तर या घरचं द्राक्ष बहुधा तुमच्या पेल्यात येऊन गेलंय.

वाईनबद्दल. लिव्हरमोरचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय. किनाऱ्यालगतची बरीच खोरी उत्तर-दक्षिण आहेत, त्यामुळे हे वेगळं पडतं. दुपारी ऊन चांगलंच तापतं, पण संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो आणि रात्री-पहाटे गारवा, धुकं आत येतं. ऑल्टमाँट खिंडीतल्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तोच हा वारा. जमीन गोट्यांची, पाणी झटकन निचरणारी. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो.

त्यांची रोजच्या जेवणातली शार्डने म्हणजे 'मॉर्निंग फॉग'. काही भाग जुन्या लाकडी पिंपांत, काही स्टीलच्या टाक्यांत आंबवतात आणि मग एकत्र करतात. रंग फिकट, गवती पिवळा. फार गार असली तर पहिल्यांदा फक्त हिरव्या सफरचंदाचा वास येतो. पेला हातात धरून पाच-सात मिनिटं थांबलात की पेअर येतो, मागून लिंबाची साल, आणि अगदी शेवटी व्हॅनिलाची पुसट छटा. घोट घेतल्यावर जिभेच्या मध्यावर ती जरा जाडसर, साईसारखी लागते आणि मग कडांना आंबटपणा जाणवतो. हा आंबटपणा मला फार आवडतो, कारण त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. 'रिव्हा रँच' ही दुसरी, माँटेरेमधल्या आरोयो सेकोची. तिथे जमिनीत एवढे वाटोळे दगड आहेत की लोक त्यांना 'ग्रीनफील्डचे बटाटे' म्हणतात. ही जास्त भरीव, पिकल्या अननसाकडे झुकणारी, लाकडाचा वास ठळक.

दोन्हींतली एक निवडायची तर मी मॉर्निंग फॉग घेईन.

⸻

सई_कोथरूड :

छान लिहिलंय. प्रश्न असा की शार्डनेत लोण्याचा वास येतो म्हणतात, तो कुठून येतो? वरून काही घालतात का? मला एकदा कुणी दिलेली शार्डने इतकी लोणकट वाटली होती की पुन्हा हात लावला नाही.

⸻

ईस्टबेकर :

सईताई, वरून काही घालत नाहीत. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच. साखरेची दारू होऊन झाल्यावर एक जिवाणू या मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करतो, म्हणजे दह्यातलं आम्ल. चव मवाळ होते. हे होताना डायअॅसिटिल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि लोण्याला जो वास असतो तो त्याचाच. ही क्रिया पूर्ण होऊ द्यायची, अर्धी होऊ द्यायची की अजिबात होऊ द्यायची नाही हे वाईन करणाऱ्याच्या हातात असतं. वेंटी मॉर्निंग फॉगमध्ये अर्धवट होऊ देतात, म्हणून लोणी जाणवतं पण डोक्यावर बसत नाही.

साईसारखा जाडपणा येतो तो वेगळ्या कारणाने. आंबवण झाल्यावर यीस्ट मरून पिंपाच्या तळाशी बसतं. तो गाळ लगेच न काढता वाईन त्यावरच ठेवतात आणि मधूनमधून लांब दांड्याने ढवळतात. ढवळताना पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं तर ताज्या पावाच्या कणकेचा वास येतो. टेस्टिंगला गेलात आणि कुणी पिंपं दाखवायला नेलं तर हा वास घ्यायचं विसरू नका.

ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात लोणी आणि ओक (पिंपाच्या लाकडाचा वास) यांचा अतिरेक झाला, लोक कंटाळून 'शार्डने सोडून काहीही' म्हणायला लागले. तुम्हाला मिळालेली त्या पठडीतली असणार. मुळात हे द्राक्ष वासाला फार बोलकं नाही. जमीन आणि करणाऱ्याचा हात, दोन्ही त्यात स्वच्छ दिसतात. त्यामुळे एका बाटलीवरून जातीला नाही म्हणू नका.

⸻

निफाडकर :

आमच्या घरी तिसऱ्या पिढीची द्राक्षबाग आहे, खायच्या मालाची. वाईनचं मला काही कळत नाही, पण काडी निवडण्याबद्दल वाचून राहवलं नाही.

हे काम महाराष्ट्रात आपल्या शेतकऱ्यांनी केलेलं आहे आणि त्याचं कौतुक फार कमी होतं. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळ्यांना थॉमसन सीडलेस जातीच्या बागेत लांब मण्यांची वेल दिसली, त्यांनी ती वेगळी काढून वाढवली, ती सोनाका. काळी शरद सीडलेसही त्यांचीच. तास-ए-गणेश तासगाव भागातली. कुठल्या प्रयोगशाळेत नाही, बागेत रोज फिरणाऱ्याच्या नजरेने हे झालंय. आणि काड्या इकडेही अशाच गावोगाव गेल्या. त्यामुळे अर्नेस्ट वेंटी हा माणूस मला लगेच ओळखीचा वाटला.

एक विचारायचं होतं. जुन्या वेंटी वेलीच्या घडाचे फोटो बघितले. घडात मोठे मणी आणि वाटाण्याहून लहान मणी एकत्र दिसतात. आमच्याकडे याला शॉट बेरी म्हणतात. फुलोऱ्यात जीएचा (जिबरेलिक अॅसिड, वाढीचं संप्रेरक) डोस चुकला की असं होतं, आणि निर्यातीच्या मालात शॉट बेरी म्हणजे घड बाद. मग हे लोक अशी वेल मुद्दाम का जपतात?

⸻

ईस्टबेकर :

निफाडकर, या प्रश्नासाठी मनापासून आभार. धाग्यात हे यायलाच हवं होतं.

तुम्ही म्हणता तेच आहे. 'ओल्ड वेंटी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलींत फळधारणा एकसारखी होत नाही. काही मण्यांत बी धरतं, काहींत नाही. बी नसलेले मणी बारीक राहतात. इंग्रजीत याला कोंबडी आणि पिल्लं म्हणतात. जुन्या वेलींत विषाणू असल्यामुळे हे जास्त होतं असं मानतात. खायच्या द्राक्षात हा दोषच. पण वाईनला दिसणं लागत नाही. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, गोडी दाट, आणि शार्डनेचा स्वाद बराचसा सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. घड विरळ राहतो म्हणून हवा खेळते आणि कुजही कमी.

डेव्हिसच्या विद्यापीठाने विषाणू घालवण्यासाठी वेलींवर उष्णतेची प्रक्रिया केली. त्यातून निघालेल्या ४ आणि ५ क्रमांकाच्या वेली निरोगी, घड भरगच्च, एकरी माल भरपूर. शेतकऱ्याला त्याच परवडल्या, म्हणून त्याच पसरल्या. पण काही मळेवाले अजून जुनी, कमी मालाची काडीच शोधून लावतात. दोन्ही वेलींचं मूळ एक, वाईन मात्र वेगळी.

⸻

ल्योंकर :

मी गेली काही वर्षं फ्रान्समध्ये आहे, बर्गंडी हा शार्डनेसाठी नावाजलेला प्रांत इथून जवळ. लेख आवडला, पण 'उत्तम शार्डने' म्हणून वेंटींचं नाव घेणं मला पटत नाही. हे आता खूप मोठं प्रस्थ आहे, दोन हजार एकरांच्या आसपास तर लिव्हरमोरमध्येच असतील. जुन्या घराण्याची खरी नाजूक शार्डने हवी असेल तर बर्गंडीतल्या बोन गावच्या द्रुएँ घराण्याकडे बघा. १८८० पासून चालू आहेत, चौथी पिढी कामात आहे. त्यांची 'क्लो दे मूश' ही पांढरी वाईन बोनच्या उतारावरच्या एकाच बागेतली. त्या बागेची माती, तिथला चुनखडक पेल्यात कळतो. दहा वर्षं ठेवली तर मधाकडे आणि भाजलेल्या हेझलनटकडे जाते. मॉर्निंग फॉग दहा वर्षं ठेवून दाखवा.

⸻

ईस्टबेकर :

ल्योंकर, क्लो दे मूशबद्दल वाद नाही. मोठी वाईन आहे. मॉर्निंग फॉग दहा वर्षं ठेवायची नसतेच, दोन-तीन वर्षांत संपवायची. किमतीतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. मॉर्निंग फॉग इकडे वीस डॉलरच्या आतबाहेर मिळते.

पण 'उत्तम' म्हणजे फक्त दुर्मिळ आणि महाग, हे मला मान्य नाही. दुकानात कुणालाही घेता येईल अशी वाईन दर वर्षी नीटनेटकी, तोल सांभाळून करणं हे कमी कौशल्याचं काम नाही. आकार वाढला की चव सपाट होते असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. इथे पाचव्या पिढीपर्यंत घरचेच लोक वाईन करताहेत आणि द्राक्ष बहुतेक स्वतःच्या मळ्यातलं आहे. त्याचा फरक पडतो.

आणि तुम्ही क्लो दे मूशचं नाव काढलंतच म्हणून सांगतो. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या ब्रिटिश वाईनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांपुढे लेबलं झाकून जी चव घेण्याची स्पर्धा ठेवली, त्यात द्रुएँची १९७३ ची क्लो दे मूश होती. ती पाचवी आली. पहिली आली नापाच्या शातो माँटेलीनाची १९७३ ची शार्डने, माइक ग्रगिच यांनी केलेली. दुसरी बर्गंडीतल्या रूलोची मर्सो-शार्म, तिसरी शालोन, चौथी स्प्रिंग माउंटन. म्हणजे पहिल्या चारांत तीन कॅलिफोर्नियाच्या. माँटेलीनाच्या त्या वाईनमधली काही द्राक्षं सोनोमातल्या बाचिगालुपी कुटुंबाच्या मळ्यातून आली होती, आणि त्या मळ्यातली शार्डने जुन्या वेंटी काडीचीच. एका स्पर्धेने बर्गंडी लहान होत नाही हे मलाही कळतं. पण १९१२ ला आणलेली काडी कुठपर्यंत गेली ते यातून दिसतं.

⸻

ल्योंकर :

बाचिगालुपीचा धागा माहीत नव्हता, धन्यवाद. वेलीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. बाटलीबद्दल माझं मत कायम. :)

माझ्याकडून एक भर. शार्डनेला पूर्वी 'पिनो शार्डने' म्हणत, तुमच्या कॅलिफोर्नियातही लेबलवर तसंच असायचं. बरेच जाणकार हे नाव चूक आहे, पिनो या दुसऱ्या द्राक्षाशी हिचा संबंध नाही असं म्हणायचे. १९९९ मध्ये डेव्हिसच्या कॅरोल मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर डीएनए तपासला तेव्हा कळलं की शार्डने ही पिनो आणि गुए ब्लाँ यांच्या संकरातून झालेली आहे. गुए ब्लाँ हे गरीब शेतकऱ्यांचं, कमी प्रतीचं समजलं जाणारं द्राक्ष, फ्रान्समध्ये त्यावर बंद्याही आल्या होत्या. जगातल्या सगळ्यात मानाच्या पांढऱ्या द्राक्षाची एक बाजू अशी.

⸻

मंगलाताई_वेंगुर्ले :

मुलगी फ्रीमाँटला असते, तिच्याकडे ही मॉर्निंग फॉग प्यायले आहे, म्हणून लिहिते. तिने ती तिखट कोळंबीच्या कालवणाबरोबर ठेवली होती. अजिबात जमली नाही. वाईन कडू लागायला लागली आणि कालवणाचं तिखट आणखी भडकलं. दुसऱ्या दिवशी मी पापलेटला फक्त हळद, मीठ, लिंबू लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळलं. सोबत ओल्या काजूची उसळ, तिखट नावाला, ओलं खोबरं जास्त. तेव्हा मात्र वाईन खरी लागली. नारळाचं दूध आणि ही वाईन यांचं चांगलं जमतं असं माझं मत झालंय. सोलकढीबरोबर मात्र नको, कोकमाच्या आंबटपुढे ती पाणी लागते.

⸻

ईस्टबेकर :

मंगलाताई, अगदी नेमकं लिहिलंत. दारूमुळे मिरचीचा तिखटपणा वाढतो, ओकमुळे कडवटपणा येतो, म्हणून झणझणीत जेवणाशी ओकवाली शार्डने भांडते. नारळाचं दूध, काजू, लोणी, साजूक तूप, म्हणजे जिथे स्निग्धपणा आहे तिथे ती खुलते. शाकाहारी मंडळींना वालाचं बिरडं किंवा फार तिखट नसलेली मक्याची उसळ सुचवीन. तापमान १० ते १२ अंश. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. बर्फासारखी गार प्यायलात तर वास सगळा बंद होतो.

⸻

अभंग_डब्लिन :

लेखाची सुरुवात देवळापासून करून वाईनवर जाणं मला खटकलं. दर्शन आणि टेस्टिंग एका दिवसात नको, असं मला वाटतं.

⸻

ईस्टबेकर :

अभंग, तुमच्या भावनेचा आदर आहे. मंदिराचा उल्लेख पत्ता कळावा एवढ्याचसाठी केला, कारण लिव्हरमोर आपल्या लोकांना त्यामुळेच माहीत आहे. एकाच दिवशी दोन्ही करा असं मी सुचवणार नाही. आणि टेस्टिंगला गेलात तर गाडी चालवणाऱ्याने प्यायचं नाही, हे माझ्यासाठी पक्कं आहे.

⸻

कल्याणी_प्लेझंटन :

मी टेस्ला रोडवरून नेहमी जाते. हे मळे अजून शिल्लक आहेत याचंच मला आश्चर्य वाटायचं. आजूबाजूला घरांच्या किमती बघा. एका बाजूला लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा, दुसरीकडे सगळे टेकचे लोक. शेतीची जमीन बिल्डरला न विकता कशी राहिली?

⸻

ईस्टबेकर :

कल्याणी, आपोआप राहिली नाही. ऐंशीच्या दशकात घरं मळ्यांच्या अंगावर येऊ लागली होती. १९९३ मध्ये काउंटीने दक्षिण लिव्हरमोरसाठी योजना केली. बिल्डरला थोडी घरं बांधायची परवानगी हवी असेल तर त्या बदल्यात ठरावीक जमीन कायमची शेतीसाठी राखायची आणि तिथे द्राक्षं किंवा तशीच टिकाऊ लागवड करायची. त्या करारानंतर जमीन विकली तरी पुढच्या मालकालाही तिथे घरं बांधता येत नाहीत. वेंटी, कनॅनन यांच्यासारख्या जुन्या वाईनरी टिकून होत्या म्हणून राखण्यासारखं काही होतं, हेही खरं. दोन्ही वाईनरी १८८३ च्याच आहेत.

नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या परिसरातल्या जमिनींचे भाव बघतो तेव्हा असा काही करार आपल्याकडे का होऊ नये असं मला फार वाटतं. शहर वाढणार, ते कुणी थांबवू शकत नाही. पण बाग एकदा गेली की परत येत नाही.

⸻

सई_कोथरूड :

मग नाशिकला शार्डने का दिसत नाही? शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ सगळीकडे मिळते.

⸻

निफाडकर :

सईताई, माझे दोन नातेवाईक वाईनरीला कराराने द्राक्ष देतात, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. आपल्याकडे द्राक्षवेल झोपत नाही. युरोप-अमेरिकेत थंडीत पानं गळून वेल काही महिने विश्रांती घेते. इथे आपण वर्षातून दोन छाटण्या घेतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. वाईनचा माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. शार्डने लवकर फुटते, लवकर पिकते, साल पातळ. फेब्रुवारीत दुपार तापायला लागली की आंबटपणा झपाट्याने उतरतो, तोडणीला चार दिवस उशीर झाला तरी वाईनरीवाले नाक मुरडतात. वर एकरी माल कमी. किलोवर पैसे मिळणार असतील तर शेतकरी शेनिनच लावणार.

तरी अगदीच नाही असं नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली ही वाईनरी शार्डने करते. दिंडोरीला शाँदों कंपनीच्या स्पार्कलिंगमध्ये (बुडबुड्यांच्या वाईनमध्ये) शेनिनबरोबर शार्डने आणि पिनो न्वारही असते. स्पार्कलिंगला द्राक्ष कच्चट असतानाच, आंबटपणा भरपूर असताना तोडतात, त्यामुळे आपल्या हवेत शार्डनेला तो मार्ग सोपा.

⸻

ईस्टबेकर :

निफाडकर, उत्तम माहिती. फ्रातेल्लीची शार्डने मी पुण्यात प्यायलो आहे. कॅलिफोर्नियाशी तुलना न करता प्यायली तर फार चांगली आहे, पिकलेल्या फळाचा वास ठळक. मोहिते-पाटील घराणं आणि इटलीतले भागीदार मिळून ती बाग उभी राहिली. घराण्याचं नाव आणि जमीन दोन्ही टिकली तर पन्नास वर्षांनी तिच्याबद्दलही असा धागा निघावा, अशी माझी इच्छा आहे.

⸻

पराग_नाशिकरोड :

ईस्टबेकर, डिसेंबरमध्ये भारतात येताय ना? येताना जुन्या वेंटीच्या दोन-चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणता येतील का? निफाडकरांच्या बागेच्या कडेला लावून बघू. चारच तर काड्या.

⸻

निफाडकर :

परागभाऊ, कृपया नको. हौस मला पण आहे, पण यात गंमत नाही. बाहेरून लागवडीचं साहित्य आणायला परवाना लागतो, २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे तपासणी होते आणि आल्यावरही काड्या वेगळ्या ठेवून बघाव्या लागतात. वर लिहिलंय तसं जुन्या वेंटी वेलींत विषाणू असतात. लीफरोलसारखा (पानं गुंडाळणारा) विषाणू एकदा बागेत आला की मिलीबग (पिठ्या ढेकूण) तो वेलीवरून वेलीवर नेतो, आणि मिलीबगची आमच्या भागात काही कमी नाही. त्यावर फवारणी नाही, वेल उपटणे हाच उपाय. शेजारच्या चार जणांच्या बागा बसतील.

आणि नुसती काडी आणून भागत नाही. आपल्याकडे पाणी खारवट, कधी टंचाई, म्हणून डॉगरिजसारख्या खुंटावर (मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या काटक वेलीवर) कलम करावं लागतं. कुठल्या खुंटावर शार्डने नीट चालते हे आधी बघावं लागेल. खरंच लावायची असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन विचारू. मी फेब्रुवारीत माल गेल्यावर मोकळा आहे, तेव्हा जाऊ.

⸻

ईस्टबेकर :

निफाडकरांशी पूर्ण सहमत. पराग, काडी नाही, पण मॉर्निंग फॉगची एक बाटली चेक-इन बॅगेत नक्की आणतो. निफाडकर, मांजरीला जायचं ठरलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी भारतात असलो तर मलाही यायचंय.

⸻

पराग_नाशिकरोड :

ठीक आहे, काडीचा विचार सोडला. बाटली चालेल. मंगलाताई, पापलेटला तांदळाचं पीठ कोरडंच लावायचं ना, की थोडा रवा मिसळायचा?

⸻

मंगलाताई_वेंगुर्ले :

नुसतं तांदळाचं, कोरडं. रव्याने कुरकुरीत होतं पण मग माशाची चव मागे राहते. मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेव, सुटलेलं पाणी निथळू दे, मग पिठात घोळव. तवा चांगला तापला की आच मध्यम कर.